देवी काढणें आणि आईचें मन

आपल्या घरांत साठी ओलांडलेलें कोणी वडील माणूस असेल, तर त्याच्या दंडावर दोन-चार वाटोळे, किंचित् खोल गेलेले वण आपण पाहिले असतील. लहानपणीं आजीच्या मांडीवर बसून त्या वणांवरून बोट फिरवीत 'हें काय ग, आजी?' असें आपण विचारलेंहि असेल, आणि 'देवी काढल्या होत्या, बाळ, त्याची ती खूण,' असें उत्तर मिळालें असेल. या उत्तरांतील शब्द जरा निरखून पाहा. रोग झाला तर 'देवी आल्या' असें म्हणावयाचें. त्या रोगाची जी अधिष्ठात्री तीहि देवीच. आणि तो रोग होऊं नये म्हणून दंडावर लस टोंचावयाची, त्या क्रियेचें नांवहि 'देवी काढणें'. रोग, दैवत आणि औषध या तिन्ही गोष्टी मराठी भाषेनें एकाच शब्दांत सांठविल्या. ज्या आईनें आपलें तान्हें मूल देवी डॉक्टरापुढें धरलें, किंवा धरावयाचें नाकारलें, तिच्या मनांत या तिन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या. त्या मनाचा इतिहास हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा इतिहास मला आंधळगांवाच्या निमित्तानें सांगावयाचा आहे. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यांतील हें गांव. वैनगंगेच्या खोऱ्यांतील हा मुलूख धानाचा, तलावांचा आणि हातमागाचा. टसर जातीच्या रेशमाला तिकडे कोसा म्हणतात, आणि कोशाच्या कापडासाठीं आंधळगांवचें नांव प्रसिद्ध आहे. लसीकरणाचा इतिहास लिहिणारे बहुधा मुंबई, कलकत्ता, लंडन अशा नगरांचा लिहितात. कारण बोटी तेथें लागल्या, इस्पितळें तेथें निघालीं आणि कागदपत्रें तेथें राहिलीं. परंतु लस यशस्वी झाली कीं नाहीं, याचा निकाल आंधळगांवासारख्या हजारों गांवांतील उंबरठ्यांवर लागला. ज्या आईविषयीं मी बोलणार आहें ती कोणी एक विशिष्ट स्त्री नव्हे. अशा गांवांतील विणकराच्या किंवा शेतकऱ्याच्या घरची आई ती. तिला आपण शहरवासी सुशिक्षितांनीं फार दिवस एकाच शब्दांत निकालांत काढलें : अडाणी. हा शब्द कितपत न्यायाचा आहे तें आपण पाहूं.

प्रथम रोगाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. देवीचा उग्र प्रकार अंगीं आला तर लस न टोंचलेल्या दर दहा रोग्यांपैकीं सुमारें तिघे दगावत. जे वांचत त्यांच्या तोंडावर व्रण राहत, आणि कित्येकांचे डोळे जात. आंधळगांव या नांवाशीं या गोष्टीचा संबंध जोडण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. पण देवीनें दृष्टि गेलेलीं माणसें हें एके काळीं हिंदुस्थानांतील प्रत्येक गांवाचें परिचित दृश्य होतें, एवढें खरें.

अशा रोगापुढें आई अगदींच हात जोडून बसत नसे. विदर्भाच्या पूर्व भागांत गांवोगांवीं मातामायेचें स्थान आहे. घरांत देवी आल्या कीं माता पाहुणी म्हणून आली आहे असें मानून घराची सारी राहणी बदले. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागत, रोग्याच्या अंथरुणावर कडुलिंबाचा पाला पसरला जाई, घरांत फोडणी बंद होई, थंड अन्न दिलें जाई, परक्याला आंत येऊं देत नसत, आणि कोणी मोठ्यानें बोलत नसे. या आचारांत श्रद्धा होती, तशी शुश्रूषाहि होती. रोग्याला निवांत ठेवणें आणि घराबाहेरच्यांना दूर ठेवणें, यांत वैद्यकाला नांवें ठेवण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र एवढ्यानें रोग थांबत नसे. शेजारचें मूल पडे, पाठचें भावंड पडे. आईचा आचार रोग्यापुरता होता. निरोगी मुलाला वांचविण्याचें साधन तिच्याजवळ नव्हतें. तें साधन बाहेरून आलें, आणि येथूनच तिच्या मनांतील झगड्यास आरंभ झाला.

तें साधन युरोपांत रूढ करण्याचा पहिला धाडसी यत्न एका आईनेंच केला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही इंग्रज वकिलाची पत्नी तुर्कस्थानांत होती. तिला स्वतःला देवी येऊन गेल्या होत्या, आणि तिचा भाऊ त्याच रोगानें दगावला होता. रोग्याच्या फोडांतील द्रव्य निरोगी मुलाच्या कातडीखालीं घालून सौम्य देवी आणण्याची तिकडील रीति तिनें पाहिली. १७१८ सालीं इस्तंबूल येथें आपल्या मुलाला, आणि १७२१ सालीं लंडनमध्यें आपल्या मुलीला तशी देवी टोंचविली. बंगाल्यांत ही विद्या टीकादारांना ठाऊक होतीच, आणि हॉलवेल नांवाच्या इंग्रज वैद्यानें तिचें वर्णन १७६७ सालीं छापलें. या रीतींत धोका असे; कारण आणलेल्या देवी क्वचित् उग्र होत, आणि टोंचलेल्या मुलापासून इतरांना रोग लागे. तो धोका एडवर्ड जेनरनें टाळला. १४ मे १७९६ रोजीं त्यानें एका गवळणीच्या हातावर उठलेल्या गाईच्या देवीच्या फोडांतील लस जेम्स फिप्स नांवाच्या आठ वर्षांच्या मुलाला टोंचली, आणि १७९८ मध्यें आपला शोध प्रसिद्ध केला.

ही लस हिंदुस्थानांत पोंचण्यास चार वर्षें लागलीं. समुद्राच्या लांब प्रवासांत ती निरुपयोगी होई. शेवटीं व्हिएन्ना येथील डॉक्टर दे कारो यांच्या खटपटीनें ती बगदादला, तेथून बसऱ्याला आणि बसऱ्याहून मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती टोंचली गेली आणि लागू पडली. पुढच्या आठवड्यांत अॅनाच्या दंडावरील फोडांतून द्रव्य काढून आणखी पांच मुलांना टोंचण्यांत आलें. आणि पुणें, सुरत, हैदराबाद, मद्रास, सिंहलद्वीप येथें जी लस पसरली तिचा उगम त्या एका लेकराच्या दंडांत होता. मुंबईच्या डॉक्टरांनीं या मुलीच्या शांतपणाची तारीफ लिहून ठेवली आहे. इतिहासांत मुलीचें नांव आलें, डॉक्टरांचीं नांवें आलीं. मुलीला घेऊन बसलेल्या आईचें नांव मात्र सहसा वाचावयास मिळत नाहीं.

अॅनाच्या दंडावरून दुसऱ्या मुलांच्या दंडांत, ही पद्धतच पुढें साठ-सत्तर वर्षें मुख्यत्वेंकरून चालूं राहिली. लस टिकविण्याचा दुसरा खात्रीचा उपाय नसल्यामुळें मूल हीच लसीची कुपी होती. टोंचल्यानंतर सातव्या-आठव्या दिवशीं फोड भरत. त्या वेळीं देवी डॉक्टर पुन्हां येई, तो फोड फोडी, आणि त्यांतील लस नव्या मुलांच्या दंडांत घाली. मुंबई इलाख्यांत १८२७ पासून असे फिरते देवी डॉक्टर नेमले गेले. आंधळगांवचा मुलूख तेव्हां नागपूरकर भोसल्यांचा होता. तिसरे रघूजी १८५३ च्या अखेरीस वारले, १८५४ सालीं राज्य खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत बनला, आणि त्यानंतर सरकारी देवी डॉक्टर वैनगंगेच्या खोऱ्यांतील खेड्यापाड्यांतून फिरूं लागले.

आतां आईच्या जागीं आपण क्षणभर उभें राहूं. आपलें मूल निरोगी आहे, खेळतें आहे. एक अनोळखी सरकारी पुरुष येतो आणि त्याच्या दंडाला धारदार हत्यार लावतो. मुलाला ताप येतो, हात सुजतो, तें रात्रभर रडतें. विणकराच्या घरीं बायका कांड्या भरतात तेव्हां माग चालतो. मूल मांडीवरून उतरत नसेल तर कांड्या भरल्या जात नाहींत, आणि त्या दिवसाची मिळकत बुडते. एवढेंहि तिनें सोसलें. पण आठव्या दिवशीं, जखम हुळहुळी असतांना, तोच माणूस पुन्हां येतो आणि भरलेला फोड दुसऱ्यांच्या मुलांसाठीं फोडूं पाहतो! त्या काळच्या सरकारी अहवालांतून वारंवार अशी तक्रार आढळते कीं, लोक टोंचून घेतात, पण लस देण्यास मूल पुढें करीत नाहींत. अहवाल लिहिणाऱ्यांना हा कृतघ्नपणा वाटे. आईला वाटे, आपल्या मुलाचें सत्त्व काढून घेत आहेत. शिवाय तें कोणाच्या अंगांत जाणार, आणि कोणाच्या अंगांतलें आपल्या मुलाच्या अंगांत आलें, हा प्रश्न जातिभेदानें ग्रासलेल्या समाजांत उठल्यावांचून राहत नव्हता.

या शंकेंतील जातीचा भाग आपण आज त्याज्य मानूं, आणि तो त्याज्यच आहे. परंतु दुसऱ्याच्या अंगांतलें कांहीं आपल्या मुलाच्या अंगांत जाईल हें भय केवळ भ्रम होतें काय? १८६१ सालीं इटलींतील रिव्हाल्टा या गांवीं एका मुलाच्या दंडावरून लस घेऊन इतर मुलांना टोंचली, आणि त्यांतून डझनावारी मुलांना उपदंशाचा रोग लागला. म्हणजे जी शंका अडाणी म्हणून हिणविली जात होती, तिच्यांतील एक अंश वैद्यकशास्त्राला कबूल करावा लागला. खुद्द इंग्लंडांत १८९८ च्या कायद्यानें दंडावरून दंडावर लस घेण्याची पद्धत बंद झाली. तिच्या जागीं वासराच्या अंगावर तयार केलेली आणि ग्लिसरीनमध्यें जतन केलेली लस आली. आपल्याकडेहि विसाव्या शतकाच्या आरंभीं बेळगांव येथें अशी लस बनविणारी संस्था निघाली. वासराला इजा होते म्हणून कांहीं घरांतून नवी कुरकुर झाली, हें खरें. पण आठव्या दिवसाचें संकट टळलें, आणि आईच्या विरोधाचें एक मोठें कारण नाहींसें झालें. तें कारण उपदेशानें गेलें नव्हतें; पद्धत सुधारली तेव्हां गेलें.

आईची दुसरी शंका याहून साधी होती, आणि तितकीच खरी. देवी काढण्याचा हंगाम हिंवाळ्याचा असे. कारण उन्हाळ्यांत लस खराब होई आणि जखमा चिघळत. उलट देवीच्या साथीचा जोर वसंतापासून पुढें. म्हणजे जेव्हां गांवांत रोगाचा मागमूसहि नसे, अशा ऐन थंडींत धडधाकट मुलाला ताप आणावयाचा. आणि त्याचा लाभ पुढें कधीं तरी, तोहि न दिसणारा! मूल आजारी पडलें नाहीं, हा कांहीं डोळ्यांना दिसणारा प्रसंग नव्हे. आणि दुर्दैवानें उन्हानें मेलेली लस टोंचली गेली असेल, किंवा लहानपणीं काढलेल्या देवींचा प्रभाव वर्षांनुवर्षांनीं ओसरला असेल, तर 'देवी काढल्या तरी देवी आल्याच' असा अनुभवहि तिच्या पदरीं येई. एका घरचा असा अनुभव साऱ्या आळीला पुरत असे. अनुभवावरून अनुमान बांधणें याला अडाणीपणा म्हणतां येत नाहीं. तिला न मिळालेली गोष्ट एवढीच कीं, लस कां फसली हें सांगणारें कोणी दारीं आलें नाहीं.

सरकारजवळ कायद्याचें हत्यार होतें. मुंबई शहरासाठीं १८७७ सालीं सक्तीचा कायदा झाला, आणि १८८० सालीं हिंदुस्थान सरकारनें देवी काढण्याचा सर्वसाधारण कायदा केला. परंतु हा मूळ कायदा नगरपालिका आणि लष्करी छावण्या यांच्यापुरताच होता. त्यांतहि मुलगे चौदा वर्षांच्या आंतले आणि मुली आठ वर्षांच्या आंतल्या. आठ वर्षांवरील मुलीला परपुरुषापुढें दंड उघडा करावयास लावूं नये, असा लोकरीतीचा मान त्यांत राखलेला उघड दिसतो. आंधळगांवासारख्या खेड्यापर्यंत या कायद्याचा हात पोंचत नव्हता. तेथें देवी डॉक्टरापाशीं दोनच साधनें होतीं : एक सरकारी दरारा आणि दुसरें गोड बोलणें. दरारा गांवाच्या चावडीपर्यंत चाले. घराच्या आंत मूल आईच्या कडेवर असे.

सक्तीचा हा प्रश्न केवळ आपल्या खेड्यांचाच होता, असेंहि कोणीं समजूं नये. इंग्लंडांत १८५३ पासून तान्ह्या मुलांना लस सक्तीची झाली, आणि १८८५ सालीं लेस्टर शहरांत हजारों लोकांनीं त्या सक्तीविरुद्ध मिरवणूक काढली. दंड न भरतां तुरुंगांत जाणारे आईबाप तेथें निघाले. अखेर १८९८ सालीं, मनोदेवता मानीत नसेल त्यास सूट देण्याचें कलम कायद्यांत आलें. आपल्याकडे महात्मा गांधींसारख्या पुरुषानेंहि १९१३ सालच्या आपल्या आरोग्यविषयक लेखमालेंत देवी काढण्यास विरोध केला होता. त्यांचें मत चुकीचें होतें असें इतिहासानें दाखविलें आहे. परंतु त्यांना आपण मतभेद म्हणतों आणि विणकराच्या बायकोला अडाणी म्हणतों, हा तराजू सरळ नाहीं.

मग ही आई वळली कशी? एका दिवसांत वळली नाहीं. कांहीं अंशीं तिच्याच डोळ्यांनीं तिला वळविलें. साथ येऊन गेल्यावर कोणाच्या घरचें मूल वांचलें आणि कोणाच्या घरचें गेलें, याचा हिशेब बायकांना कोणत्याहि अहवालापेक्षां अधिक बिनचूक ठाऊक असे. कांहीं अंशीं साधनें सुधारलीं. १९६२ सालीं देवी-निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्याच दशकांत उष्णतेंतहि टिकणारी सुकी लस हातीं आली, आणि लस मेल्यामुळें होणारी फसगत थांबली. आजीच्या दंडावर ज्या चकतीनें तो मोठा वण पाडला ती मळसूत्री चकती जाऊन दोन टोंकांची बारीक सुई आली. शेवटच्या वर्षांत आरोग्यसेवक घरोघरीं एक रंगीत चित्र घेऊन फिरले. देवीच्या फोडांनीं भरलेलें एक मूल त्या चित्रांत होतें. 'असा रोगी कोठें पाहिला काय?' एवढेंच ते विचारीत. जिला शंभर वर्षें केवळ सांगण्यांत आलें, तिला आतां विचारण्यांत आलें. बातमी देणाऱ्यास बक्षीस होतें, आणि तें वाढत वाढत शेवटीं हजार रुपयांपर्यंत गेलें. अखेरच्या घाईंत कांहीं ठिकाणीं बळजबरीहि झाली. ती लपविण्याचें कारण नाहीं. परंतु रोगी शोधून काढण्याचें काम अशा विचारपुशीवांचून झालें नसतें. मे १९७५ मध्यें हिंदुस्थानांतील शेवटचा रोगी आढळला, एप्रिल १९७७ मध्यें देश देवीमुक्त ठरला, आणि ८ मे १९८० रोजीं जागतिक आरोग्य परिषदेनें साऱ्या जगांतून हा रोग नाहींसा झाल्याचें जाहीर केलें. मातामायेचीं स्थानें गांवोगांवीं आहेत. त्यांच्यापुढें नारळ फुटतात. पण देवीच्या तापानें फणफणणारें मूल त्यांच्या पायांवर घालण्याची पाळी आतां कोणाहि आईवर येत नाहीं.

येथें माझें भाषण संपविलें असतें, तर तें एका विजयाची कथा झालें असतें. पण प्रश्न संपलेला नाहीं. त्यानें रूप पालटलें आहे. १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. १९९५ पासून पोलिओच्या थेंबांची मोहीम निघाली, १३ जानेवारी २०११ नंतर देशांत नैसर्गिक विषाणूचा पोलिओ झालेला रोगी आढळलेला नाहीं, आणि मार्च २०१४ मध्यें देश पोलिओमुक्त ठरला. आतां आंधळगांवच्या आईकडे परका देवी डॉक्टर येत नाहीं. गांवांतलीच आशा कार्यकर्ती तिला नांवानें हांक मारते, आणि अंगणवाडींत ठरल्या दिवशीं लस मिळते. जन्मतः क्षयाची लस, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यास पांच रोगांविरुद्धची एकत्र लस, नवव्या महिन्यास गोवर-रूबेलाची, आणि पुढें दीड वर्षाच्या सुमारास तिची दुसरी मात्रा, असा क्रम आहे. म्हणजे आजीला एकदां धैर्य करावें लागलें. आजच्या आईला तें पुन्हां पुन्हां करावें लागतें. पहिल्या सुईनंतर ताप आला कीं दुसऱ्या सुईला पाऊल अडखळतें, आणि त्यांत घरधनी म्हणतो, 'धड असलेलें पोर कशाला आजारी पाडतेस?' शंका तीच जुनी, हिंवाळ्यांतल्या देवींची.

आणि एक नवी अडचण अशी कीं, यशानेंच भय पुसून टाकलें आहे. घटसर्पानें गुदमरणारें मूल आजच्या तरुण आईनें बहुधा पाहिलेलें नसतें. रोग दिसत नाहीं, सुई तेवढी दिसते. परंतु रोग दूर गेलेला नसतो, दाराबाहेर थांबलेला असतो. २०२२ सालच्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागांत गोवराची साथ उठली, मुलें दगावलीं, आणि ज्यांना लस मिळाली नव्हती अशीं बालकें तिला अधिक बळी पडलीं. ही घटना दूरच्या खेड्यांत घडली नाहीं. मोठमोठ्या इस्पितळांच्या नगरींत घडली.

लस दिल्यावर आरोग्यसेविकेनें आईला चार गोष्टी सांगाव्या असा आतां दंडक आहे : कोणती लस दिली आणि ती कोणत्या रोगावर आहे, तिच्यामुळें काय त्रास होण्याचा संभव आहे आणि झाल्यास काय करावें, पुढच्या वेळीं केव्हां यावयाचें, आणि लसीचें कार्ड जपून ठेवून येतांना बरोबर आणावें. दिसावयास या चार साध्या गोष्टी. पण पावणेदोनशें वर्षांच्या इतिहासाचें सार त्यांत आलें आहे. देवी डॉक्टरानें आठव्या दिवशीं फोड फोडण्यापूर्वीं या जातीचीं चार वाक्यें सांगितलीं असतीं, तर कित्येक दारें लागलीं नसतीं. हा दंडक जेथें मनापासून पाळला जातो, तेथें तापलेल्या मुलाची आईसुद्धां ठरल्या दिवशीं परत येते. कारण ताप येणार हें तिला आधींच कळलेलें असतें.

श्रोतेहो, आपल्या घरीं कामाला येणाऱ्या बाईच्या कडेवर मूल असेल, आपली सून किंवा लेक कोठेंतरी कांहींतरी वाचून घाबरली असेल, तर 'एवढेंहि कळत नाहीं का?' हें वाक्य आपल्या तोंडून निघूं नये. तिला काय वाटतें तें आधीं ऐकावें, मग जें ठाऊक असेल तें सांगावें, आणि जमल्यास तिच्याबरोबर जावें. आजीच्या दंडावरचा वण आतां नातवंडांच्या दंडावर दिसत नाहीं, कारण देवीची लस देण्याची गरजच उरली नाहीं. ती गरज ज्यांनीं संपविली त्यांत डॉक्टर होते, शास्त्रज्ञ होते. आणि मनांत शंका असतांनाहि मूल घट्ट धरून त्याचा दंड पुढें करणाऱ्या, नांवें न उरलेल्या अशा असंख्य आयाहि होत्या.